पावती मागणे म्हणजे बेअदबी नव्हे

रमजान जवळ आला की कुर्ला, जोगेश्वरी, मालवणी, घाटकोपर, कुठल्याही मोहल्ल्यात जा, एकाच साच्याचे बॅनर दिसतात. वर काबागृहाचे चित्र, बाजूला टूरवाल्याचा फोटो, मध्ये '१५ दिवस, हरमपासून चालत पाच मिनिटे, घरच्यासारखे जेवण' आणि खाली मोबाइल नंबर. हॉटेलचे नाव बहुतेक वेळा नसते. विमान कंपनीचे नसते. जीएसटी क्रमांक तर नसतोच. आणि आपण त्याबद्दल विचारतही नाही. हा लेख त्या न विचारण्याविरुद्ध आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ऑफिसात वर्षाला वीस हजारांचे एखादे टूल घ्यायचे असले तरी तीन कोटेशन मागवतात, अटी वाचतात, रद्द केले तर पैसे किती परत मिळतील हे आधी लिहून घेतात. हे सगळे करणारी आपली शिकलेली मुले-मुली सुट्टीच्या दिवशी अम्मी-अब्बूंच्या आयुष्यभराच्या बचतीतले दोन लाख रुपये रोख मोजून देतात, आणि बदल्यात काय मिळते? टूरवाल्याच्या वहीत एक ओळ. पावती मागितली तर उत्तर ठरलेले असते : 'भाई, अल्लाहच्या घरचे काम आहे, त्यात कागद कशाला?'

हे वाक्य ऐकायला दीनदार वाटते. प्रत्यक्षात ते दीनच्या शिकवणीच्या उलट आहे. कुरआनातील सर्वांत मोठी आयत सूरह बकराची २८२वी आहे. ती नमाजची नाही, रोज्याची नाही. ती व्यवहार लिहून ठेवण्याची आहे. मुदतीचा व्यवहार असेल तर लिहा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. इब्ने अब्बास (रजि.) यांनी ती आगाऊ पैसे देऊन पुढे माल घेण्याच्या सौद्याशी जोडली आहे. आज पैसे भरायचे आणि तीन महिन्यांनी प्रवास करायचा, हा तसाच सौदा नाही तर काय?

त्याच सूरहची १९७वी आयत प्रवासाची शिदोरी सोबत घ्यायला सांगते. ती का उतरली हे बुखारीत आले आहे. यमनचे काही लोक शिदोरी न घेता हजला निघत, आम्ही तवक्कुल करणारे आहोत असे म्हणत, आणि मक्केत पोहोचल्यावर लोकांपुढे हात पसरत. म्हणजे तयारी न करण्याला तवक्कुल म्हणायची सवय जुनी आहे, आणि कुरआनने ती तेव्हाच मोडून काढली आहे.

मुंबईला तर हा विषय नवा नाहीच. आपले शहर हिंदुस्तानातल्या हाजींचे सर्वांत मोठे बंदर होते. हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना त्या काळाची खूण म्हणून आजही क्रॉफर्ड मार्केटजवळ उभा आहे. दलालांची लुबाडणूक आणि जहाजांवरचे हाल इतके वाढले होते की १८८६मध्ये ब्रिटिश सरकारने हज प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे सोपवली. १९३२मध्ये मुंबई, कलकत्ता आणि कराची या बंदरांसाठी हज समित्यांचा कायदा झाला. आजची हज कमिटी २००२च्या कायद्याने चालते. हजला कोटा आहे, सोडत आहे, खासगी टूरवाल्यांची सरकारदरबारी नोंदणी आहे. तिथेही तक्रारी असतात, पण दार ठोठवायला एक हज हाउस तरी आहे.

उमराहला यातले काहीच नाही. कोटा नाही, सोडत नाही, भारतात कुठलीही उमराह कमिटी नाही. एक खोली, एक लॅपटॉप आणि व्हिसा काढून देणारा वरचा एजंट एवढ्यावर दुकान सुरू होते. ज्या बाजारावर देखरेख सर्वांत कमी, तिथे गिऱ्हाइकाने सर्वांत जास्त प्रश्न विचारायला हवेत. आपण नेमके तिथेच गप्प बसतो.

या गप्प बसण्याची किंमत कोण मोजते? माझ्या एका मित्राच्या अम्मीला मधुमेह आहे, गुडघे गेलेले. 'पाच मिनिटांवर' म्हणून सांगितलेले हॉटेल प्रत्यक्षात बसने जाण्याइतके दूर निघाले. 'डायरेक्ट' म्हणून विकलेल्या विमानाने वाटेत एका विमानतळावर आठ तास बसवले. सोबत येणारा मार्गदर्शक मक्केत दोन दिवस दिसला आणि मग त्याचा फोन बंद. सफा-मरवाच्या सात फेऱ्या मिळून सुमारे तीन किलोमीटर होतात, त्याआधी तवाफ वेगळा. रोजच्या येण्याजाण्याने थकलेल्या त्या माउलीच्या कितीतरी नमाजा हॉटेलच्या खोलीतच झाल्या. परत आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, 'अल्लाहने इम्तिहान घेतला.' त्यांचा सब्र मोठा आहे, त्याबद्दल एक शब्द नाही. पण इम्तिहान अल्लाहचा होता आणि फसवणूक माणसाची होती. दुसऱ्या गोष्टीला पहिलीचे नाव देऊन आपण त्या माणसाला मोकळे सोडतो, आणि पुढच्या रमजानला त्याचे बॅनर पुन्हा लागते.

कागद हा कधी कधी जीवनमरणाचाही प्रश्न होतो. २०२४च्या हजमध्ये उष्णतेने हाहाकार झाला. सौदी सरकारने मृतांचा आकडा १,३०१ सांगितला, आणि त्यातले ८३ टक्के लोक हजच्या परवान्याशिवाय आले होते असेही सांगितले. परवाना नसल्याने अधिकृत तंबू आणि वाहनांची सोय नव्हती, भर उन्हात मैलोन्मैल पायपीट करावी लागली. 'कागदाचे आम्ही बघून घेऊ' असे सांगणाऱ्यावर विसंबणे किती महाग पडते, ते यावरून कळावे.

आता हरकती. पहिली : 'आधीच आपल्या नावाने बोटे मोडणारे कमी आहेत का? घरातले भांडण चव्हाट्यावर कशाला?' पण लुटला जाणारा मुसलमानच आहे ना? गोवंडीच्या झोपडपट्टीत भिशी लावून पैसे जमवणारी बाई समाजात मोडत नाही, आणि तिला फसवणारा मात्र समाजाची अब्रू, हा कुठला न्याय?

दुसरी : 'आमचे चाचा वीस वर्षे माणसे नेतात, कधी पावती दिली नाही, कधी फसवले नाही.' खरे आहे, असे चाचा आहेत. पण त्यांचे नुकसान कोण करतो? पंधरा हजार कमी सांगून त्यांचे गिऱ्हाईक पळवणारा. सगळ्यांनीच लेखी मागितले तर प्रामाणिक माणसाचे काहीच बिघडत नाही. बिघडते ते दुसऱ्याचे.

तिसरी : 'बिल घेतले की जीएसटी लागतो.' लागतो. हज-उमराहच्या खासगी टूरना जीएसटीतून सूट मागणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२मध्ये फेटाळल्या. हा कर असू नये असे मलाही वाटते आणि ती मागणी जरूर करावी. पण कर वाचवायला बिल सोडले की पैसे दिल्याचा पुरावाही सोडला.

एक कडू गोष्ट मशिदींबद्दल. अमुक इतकी माणसे आणा, एक सीट मोफत, हा हिशेब आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकला आहे. मशिदीतल्या जबाबदार माणसाने 'यांच्याबरोबर जा' म्हटले की लोक त्याला जामीन समजतात. त्या शब्दाच्या बदल्यात सीट मिळत असेल तर ते नमाजींना उघड सांगितले पाहिजे. आणि मशिदीच्या फलकावर जाहिरात लावण्याआधी विश्वस्तांनी टूरवाल्याचे नोंदणीचे कागद पाहिलेच पाहिजेत.

करायचे काय? पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या, रोख नको. मक्का आणि मदिना दोन्हीकडच्या हॉटेलची नावे लेखी घ्या आणि अंतर नकाशावर स्वतः मोजा. विमानाचा क्रमांक, वाटेतला थांबा, मीकातपूर्वी इहरामची सोय, व्हीलचेअर, रद्द झाल्यास परतावा, हे सगळे एका कागदावर सहीनिशी असू द्या. मेंदूज्वराची लस पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, ती शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. अम्मी-अब्बूंना दोन महिने आधीपासून रोज चालायला न्या.

फसवणूक झालीच तर २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. १९१५ या हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात, दोन वर्षांच्या आत करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही.

मित्रांनो, बुकिंगला अम्मी-अब्बू एकटे जाणार नाहीत, तुम्हीच सोबत जाणार आहात. ते संकोचाने गप्प बसतील, तुम्ही बसू नका. 'अल्लाहच्या घरचे काम आहे' असे कोणी म्हणाले तर शांतपणे सांगा, म्हणूनच लिहून द्या. जो लिहून देत नाही, त्याच्या दुकानातून उठून या.