विश्लेषण : नोकरीत छळ होऊ नये, ही जबाबदारी मालकाची कशी?

मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ रोजी आत्महत्या केली. उपवनसंरक्षकांकडून होणारी शिवीगाळ, गरोदर असताना जंगलातली पायपीट, रोखलेला पगार असे आरोप त्यांच्या चिठ्ठीत होते. वरच्या साहेबांना सांगूनही उपयोग झाला नाही, हेही होते. पुढे उपवनसंरक्षकांना अटक झाली, क्षेत्र संचालक निलंबित झाले. पण हे सगळे नंतर. कायद्याला अपेक्षित आहे ते आधीचे काम.

महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातील कलम १९ सुरक्षित वातावरणाची जबाबदारी थेट मालकावर टाकते. माहितीचा फलक, प्रशिक्षण, चौकशीला सहकार्य, पोलिसांत जायचे असल्यास मदत, हे सारे त्यात येते. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती सक्तीची. कंत्राटी आणि रोजंदारीवरचेही मोजायचे. कार्यालये विखुरलेली असतील तर प्रत्येक ठिकाणी वेगळी समिती हवी. समितीच नसेल तर दंड ५० हजारांपर्यंत. पुन्हा चुकल्यास दुप्पट, परवानाही जाऊ शकतो. मोठ्या कंपनीला ५० हजारांचे काय वाटणार, हा प्रश्न उरतोच.

अकोल्यातील एखाद्या डाळ मिलमध्ये आठच माणसे असली, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असली, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. मुदत तीन महिन्यांची, सबळ कारण असल्यास आणखी तीन. मात्र ही समिती कुठे बसते, हे किती कामगार बायांना ठाऊक आहे? प्रत्येक जिल्ह्यात यासाठी अधिकारी नेमा, हे डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले. कायदा होऊन तेव्हा ११ वर्षे झाली होती.

खरी फट वेगळीच आहे. अपमान, धमकी, त्रासदायक वातावरण यांचा लैंगिक छळाशी संबंध असेल तरच हा कायदा लागू होतो. नुसता पगार अडवणारा, चारचौघांत पाणउतारा करणारा साहेब त्यातून सुटतो. पुरुष कर्मचाऱ्याला तर या कायद्याचा आधारच नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१९ चा करार क्रमांक १९० सर्व प्रकारच्या छळाला लागू होतो. भारताने त्याला मंजुरी दिलेली नाही. तोवर अशा छळासाठी उरतो तो फौजदारी कायदा, आणि त्यातले आत्महत्येस प्रवृत्त करण्याचे कलम लागते तेव्हा तक्रारदार हयात नसतो.