हत्तीरोगाच्या जुन्या रुग्णांची नोंद, शुश्रूषा आणि डास-नियंत्रण यांबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
तंजावर जिल्हा, तमिळनाडू

महोदय,

हत्तीरोग हा कावेरीच्या मुखप्रदेशातला जुना रोग आहे. तंजावर आणि कुंभकोणमच्या जुन्या पेठांत सुजलेला पाय ओढत चालणारी वृद्ध माणसे आजही दिसतात. या रोगाने जीव सहसा जात नाही, आणि म्हणूनच त्याची दखल उशिरा घेतली जाते. मात्र काम सुटते, चारचौघांत जाणे बंद होते, घरातल्या मुलींची लग्ने अडतात.

रोगाचे कारण म्हणजे वुचेरेरिया बँक्रॉफ्टाय नावाचा सुतासारखा बारीक कृमी. प्रौढ नर-मादी माणसाच्या लसीकावाहिन्यांत सहा ते आठ वर्षे राहतात आणि मादी लक्षावधी सूक्ष्म अळ्या रक्तात सोडत राहते. टिमथी लुईस यांनी १८७२ मध्ये कोलकात्यात माणसाच्या रक्तात या अळ्या पाहिल्या. पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ मध्ये चीनमधील अमॉय येथे त्या डासाच्या शरीरात वाढतात हे दाखवले. दिवसा या अळ्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दडून असतात, रात्री त्वचेजवळच्या रक्तात येतात. रक्ताची काचपट्टी रात्री दहानंतर घ्यावी लागते ती यामुळे. दुपारी घेतलेल्या नमुन्यावरून रुग्णाला निर्दोष ठरवणे ही घोर चूक होय.

रोग पसरवणारा क्युलेक्स डास भातखाचरांत वाढतो असा सर्वसाधारण समज आहे. खाचरांत डास होतात, पण ते बहुतांशी दुसऱ्या जातींचे. हत्तीरोगाचा डास घाण, साचलेल्या पाण्यातला आहे. तुंबलेली गटारे, शोषखड्डे आणि संडासाच्या टाक्या ही त्याची घरे. टाकीच्या वायुनळाला जाळी नसेल तर एकच टाकी साऱ्या आळीला डास पुरवते. तेव्हा या रोगाचे मूळ शेतात कमी आणि नागरी व्यवस्थेत अधिक आहे, हे स्पष्टपणे मान्य झाले पाहिजे.

लागण बहुधा बालपणी होते आणि लक्षणे कित्येक वर्षांनी दिसतात. मधल्या काळात माणूस धडधाकट दिसतो, तरी त्याच्या रक्तातून रोग पसरत असतो. पुढे हुडहुडी भरून ताप येतो, जांघेत गाठ येते, पाय लाल होऊन ठणकतो. चार-सहा दिवसांत ते ओसरते, पण दर खेपेला थोडी सूज मागे राहते. कालांतराने कातडी जाड व खरखरीत होऊन तिला घड्या पडतात. पुरुषांत अंडवृद्धी होते. ती शस्त्रक्रियेने बरी होते, तरीही लाजेपोटी अनेक जण ती वर्षानुवर्षे अंगावर काढतात.

वारंवार येणाऱ्या या तापाचे कारण पुष्कळदा कृमी नसून त्वचेतल्या भेगांतून शिरणारे जिवाणू असतात. लावणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात उभे राहिल्याने बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि तेथूनच ते आत जातात. सुजलेला पाय रोज साबणाने हलक्या हाताने धुणे, प्रत्येक बेचके मऊ कापडाने कोरडे करणे, चिखल्यांवर मलम लावणे, बसताना पाय उंच ठेवणे, मोकळे पायताण वापरणे, एवढ्याने तापाच्या खेपा पुष्कळ कमी होतात. यासाठी एक टब, साबण, कापड, मलम आणि शिकवणारी परिचारिका लागते. एवढ्या स्वस्त उपायाला रुग्णाने मुकावे, याचे समर्थन कशानेही होणार नाही.

देशात १९५५ पासून हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम चालू आहे. डीईसी आणि अल्बेंडाझोल या गोळ्यांच्या सार्वत्रिक वाटपाने तमिळनाडूत प्रसार आटोक्यात आला आणि वाटप थांबले. विदर्भातल्या गडचिरोली-चंद्रपूरकडे हे काम दीर्घकाळ रेंगाळले, हे पाहता येथील यश मोठेच आहे. परंतु गोळ्यांनी रक्तातल्या अळ्या मरतात, जुनी सूज उतरत नाही. वाटप थांबल्याने आरोग्य कर्मचारी दारी येईनासा झाला, तर रोग संपूनही रुग्ण उरतो आणि तोच नजरेआड होतो.

म्हणून पहिली मागणी नोंदीची आहे. महानगरपालिका आणि पंचायत क्षेत्रांत घरोघरी पाहणी करून सूज व अंडवृद्धी असलेल्या प्रत्येक रुग्णाची टप्प्यानुसार नोंदवही तयार करावी आणि ती दरवर्षी ताजी करावी. या नगराला ही परंपरा नवी नाही. सरफोजी राजे दुसरे (राज्यकाळ १७९८–१८३२) यांच्या काळात नेत्ररुग्णांची लक्षणे, उपचार आणि डोळ्यांची चित्रे कागदावर उतरवली गेली. ती सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेली आहेत. दोनशे वर्षांपूर्वी जे साधले, ते आज अशक्य असण्याचे कारण नाही.

नोंद झालेल्या रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रातून शुश्रूषेचे साहित्य आणि प्रशिक्षण मोफत मिळावे. अंडवृद्धीच्या शस्त्रक्रियेसाठी तंजावर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ठरावीक दिवस राखून ठेवावा. सूज फार वाढलेल्यांना राज्य शासनाच्या मासिक साहाय्यासाठी लागणारे प्रमाणपत्र गावातच शिबिरात द्यावे. ज्याला चालवत नाही, त्याला कचेरीत हेलपाटे घालायला लावू नये.

रात्रीची रक्ततपासणी चालू राहावी. हत्तीरोग अद्याप असलेल्या राज्यांतून कावेरीकाठी लावणीला येणाऱ्या मजुरांनाही तिचा लाभ द्यावा, मात्र त्यांच्यावर कोणताही ठपका न ठेवता. ईशान्य मोसमी पावसापूर्वी, म्हणजे सप्टेंबरअखेर, राजवीथ्यांमागील गटारे उपसावीत, टाक्यांच्या नळांना जाळ्या बसवाव्यात आणि उघड्या स्वच्छ पाणवठ्यांत गप्पी मासे सोडावेत.

वरील मागण्यांवर कोणती कार्यवाही झाली, ते लेखी कळवावे, ही विनंती.

आपले नम्र,
तंजावर येथील मराठी भाषक रहिवासी