आर्थर मॉर्गनचे स्वभावचित्र

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) या व्हिडिओगेमची कथा रेंगाळते व नायक अखेरपर्यंत तसाच राहतो, हा गतांकातील पत्रलेखकांचा निवाडा मला सर्वस्वी अमान्य आहे.

१८९९ साली, कायद्याचा अंमल सर्वत्र पसरून दरोडेखोर टोळ्यांचा अस्तकाल समीप आला असता, टोळीच्या सावकारी कर्जाच्या वसुलीसाठी आर्थर मॉर्गन ज्या रुग्ण थॉमस डाउन्सला निर्दयपणे मारहाण करतो, त्याच्याच खोकल्यातून आर्थरला क्षयाची बाधा होते; आणि हे बीज आरंभीच, सहज नजरेआड व्हावे अशा बेताने, पेरून त्याचे फळ फार उशिरा दाखवण्यात कथाकारांचा विलक्षण संयम दिसतो. पुढे वसुलीचा कारभार पाहणाऱ्या स्ट्राउसला तो छावणीतून हाकलतो, आणि पितृस्थानी मानलेल्या टोळीप्रमुख डचवरील निष्ठा ढळल्यावर टोळीतील साथीदार जॉन मार्स्टनच्या कुटुंबाच्या सुटकेसाठी उरलेले आयुष्य वेचतो. हे परिवर्तन नव्हे तर काय?

बर्फातले पहिले प्रकरण संथ आहे, हे खरे. तथापि सहावे प्रकरण पुरे केल्यावाचून पत्रलेखकांनी अंतिम मत देऊ नये, एवढीच विनंती.

आपला,
एक वाचक