ट्राउट राहू द्या हिमाचलात, आपण नदीकाठचा दिवस विकू



मागच्या बॅचला खालापूरकडचा एक तरुण आला होता. चहाच्या सुट्टीत त्याने मोबाईलवर एक रील दाखवली. हिमाचलातली मोठी नदी, काठावर पिवळी पडलेली झाडं, गुडघाभर पाण्यात उभा असलेला एक माणूस हवेत लांबलचक दोरी झुलवतोय. मासा लागतो, तो उचलतो, फोटो काढतो आणि परत पाण्यात सोडतो.

"सर, हे आपल्याकडे करायचंय. पाताळगंगेला लागून वीस गुंठे आहेत. तळं खोदतो, ट्राउट सोडतो, मुंबईची माणसं शनिवार-रविवार येतील. कर्जाचं बोलून ठेवलंय. कमी पडलं तर बायकोचे दागिने आहेत."

दागिन्यांचं ऐकलं आणि मी चहा खाली ठेवला. तेव्हा त्याला जे सांगितलं, तेच आज सगळ्यांसाठी लिहितोय.

आधी माझी चूक

कर्जतला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. गळ, तंगूस, जाळ्याचा दोरा हे सगळं ठेवतो, त्यामुळे कोण कुठे गरवायला जातं ते मला कळतं. काही वर्षांपूर्वी मी आणि एका मित्राने खालापूर तालुक्यात तळं घेऊन 'मासे पकडा, किलोवर घेऊन जा' असा धंदा सुरू केला. ऑगस्टमध्ये रोहू-कटल्याची बोटुकली सोडली. दिवाळीत गिऱ्हाईक आलं तेव्हा मासा पाव किलोचाही झाला नव्हता. मग बाहेरून मोठे जिवंत मासे विकत आणून तळ्यात टाकले. निम्मे वाटेतच मेले. उरलेले पाहुण्यांनी दोन महिन्यांत किलोवर नेले. जमीन मुरमाड, त्यामुळे फेब्रुवारीत तळ्याचं पाणी उतरलं आणि धंदाही उतरला. दोन लाख ऐंशी हजार गेले.

माझं गणित कुठे चुकलं? मी मासा विकत होतो. मासा एकदा विकला की संपला. दुसऱ्या दिवशी परत विकत आणायचा. म्हणजे मी मासेवालाच झालो होतो, फक्त बाजारातल्या मावशींपेक्षा महागडा आणि अडाणी.

ट्राउटवाले नेमकं काय विकतात?

ट्राउट हा मूळचा भारतातला मासा नाही. १८९९ मध्ये काश्मीरसाठी इंग्लंडहून अंडी पाठवली होती, ती वाटेतच खराब झाली. १९०० मध्ये दुसरी खेप आली आणि ती जगली. ती जगवण्यात पुढाकार होता फ्रँक मिचेल यांचा. हा माणूस श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवायचा, म्हणजे आपल्यासारखाच धंदेवाला. पुढे १९०९ च्या सुमारास ट्राउट कुलूत, बियासच्या खोऱ्यात पोचला.

तिथली गरवायची पद्धत आपल्यासारखी नाही. आपण गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावतो, तंगूस टाकतो आणि गप्पा मारत बसतो. तिथे गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटा किडा बांधतात. त्याला वजनच नसतं, म्हणून दोरी वजनदार ठेवतात आणि काठी मागे-पुढे झुलवून ती दोरी फेकतात. पण त्याच्याही आधी काठावर थांबून बघायचं असतं, की आज पाण्यावर कुठला किडा उडतोय, मासा काय खातोय. तसाच खोटा किडा निवडायचा. मी वर्गात 'गिऱ्हाईक काय घेतंय ते आधी बघा' म्हणून घसा कोरडा करतो, ते हेच.

आता धंद्याचा भाग बघा. काश्मीरात ट्राउटच्या नद्यांचे तुकडे पाडलेले आहेत, त्यांना 'बीट' म्हणतात. परवाना काढल्याशिवाय गळ टाकता येत नाही. पावसाळा सरला आणि वरचं बर्फ वितळणं कमी झालं की सप्टेंबर-ऑक्टोबरात बियासचं पाणी निवळतं. पण १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर हिमाचलात ट्राउट पकडायला बंदी असते, कारण तो अंडी घालायचा काळ. म्हणून ऑक्टोबर म्हणजे शेवटची संधी, आणि म्हणूनच लोक रजा टाकून जातात.

कळलं का? तिथे विकली जाते ती जागा, वेळ आणि वाट दाखवणारा माणूस. मासा नदीतच राहतो. आणि धंद्याला किंमत आली ती मर्यादेमुळे. सगळ्यांना, बाराही महिने, वाटेल तेवढे मासे मिळाले असते तर ती रील कोणी बघितलीही नसती.

मग आपल्याकडे का नाही?

ट्राउट आपल्याकडे होणार नाही. त्याला थंड, वाहतं पाणी लागतं, साधारण २० अंशांच्या खालचं. आपल्या एप्रिल-मे महिन्यात तो उकडून मरेल. तो विषय इथेच संपला.

पण पाणी आपल्याकडे आहे, आणि तेही नशिबाने. घाटावरच्या धरणांचं पाणी वीज तयार करून खाली सुटतं. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, त्याचं पाणी पाताळगंगेत येतं. भिवपुरीचं १९२२ चं, त्याचं पाणी पेज नदीतून उल्हासकडे जातं. म्हणून ऐन उन्हाळ्यात इतर ओढे कोरडे पडले तरी या नद्या वाहतात. कोलाडला कुंडलिकेवरचं राफ्टिंग अशाच सोडलेल्या पाण्यावर उभं राहिलं. नदी तीच होती, कोणीतरी तिच्यावरचा दिवस विकायला शिकलं.

मासेही आहेत. खवली, मरळ, वाम ही नावं आपल्याला नवी नाहीत. आणि महसीर, ज्याच्यासाठी जगभरचे गरवणारे भारतात येतात, तो तर सह्याद्रीचाच. दख्खनच्या महसीरचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८३९ मध्ये झालं, तेही पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. खोपोलीचा घाट चढून गेलं की लोणावळ्याला वळवण इथे टाटांचं महसीरचं बीज तयार करायचं केंद्र आहे. १९७० च्या दशकापासून ते काम चालू आहे.

यापेक्षा मोठा धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. काठावर वरदायिनी देवी. डोहातले महसीर देवीचे, त्यांना कोणी धरत नाही. लोक येतात, कुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे मासे वर आलेले बघून हरखतात. तिथल्या माणसांनी बिझनेस मॅनेजमेंट केलं नव्हतं. मी केलंय आणि तरी तळं रिकामं करून बसलो.

माझं मत

कर्जत-खालापुरात ज्याला माशांवर पर्यटनाचा धंदा करायचाय, त्याने मासा विकू नये. नदीकाठचा अर्धा दिवस विकावा. सकाळी सहा ते दहा. चार पाहुणे, त्याहून जास्त नाही. बिनकाट्याचा गळ, ओल्या हाताने धरलेला मासा, एक फोटो आणि मासा परत पाण्यात. नंतर भाकरी, पिठलं, चहा. मासा लागला नाही तरी पैसे तेवढेच, हे आधीच स्पष्ट सांगायचं.

उदाहरण म्हणून धरा, माणशी बाराशे रुपये. चार जणांचे अठ्ठेचाळीसशे. त्यातला सर्वात मोठा वाटा कोणाला? माझ्या मते वाट दाखवणाऱ्याला. आपल्याकडच्या कातकरी आणि ठाकर पोरांना कुठल्या डोहात काय आहे, पाणी कधी चढतं, हे लहानपणापासून ठाऊक असतं. त्याला रोजावर ठेवू नका, भागीदार करा. तो नसेल तर तुमच्याकडे विकायला आहे काय? काठी आणि दोरी तर माझ्या दुकानातही मिळते.

इथे एक जण मला वर्गात म्हणाला, "सर, कातकऱ्यांना सांगणार का, मासा सोडून द्या म्हणून? त्यांचं पोट आहे त्यावर." बरोबर बोलला. माझं उत्तर असं: सोडून द्यायचा नियम पैसे देऊन मजा करायला येणाऱ्यासाठी आहे. जो घरच्या कालवणासाठी चार मासे नेतो, त्याच्यामुळे नदी रिकामी झालेली नाही. नदी रिकामी होते ती पाण्यात औषध टाकणाऱ्यांमुळे, सांडपाण्यामुळे आणि वलगणीच्या वेळी अंड्यांनी भरलेले मासे पोत्याने उपसणाऱ्यांमुळे. पहिल्या पावसात चढणीचा मासा खायची मजा मलाही माहीत आहे. पण पोतंभर मासे म्हणजे पुढच्या वर्षीचं भांडवल खाणं.

दुसरा प्रश्न, "मासा घरी न्यायला मिळणार नाही तर पैसे कोण देईल?" सगळे देणार नाहीत. ज्याला मासा खायचाय तो बाजारात जाईल, आणि जाऊ दे. तुम्हाला हवाय तो माणूस, जो आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसून पिचलाय आणि ज्याला चार तास फोनशिवाय पाण्याकडे बघायचंय. त्याला अर्ध्या दिवसाचे बाराशे जड नाहीत.

हे मात्र करू नका

जलद वाढतो म्हणून थाई मांगूर आणू नका. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे, आणि पुरात तो नदीत गेला की आपले मासे फस्त करतो.

परवानगीशिवाय सुरुवात करू नका. मत्स्यव्यवसाय विभाग आणि ग्रामपंचायत, दोन्हीकडे आधी जा आणि उत्तर लेखी घ्या.

पावसाळ्यात पाहुणा नदीत उतरवू नका. वीजघराचं पाणी सुटलं की कोरड्या दिवसातही पातळी वाढते. लाइफ जॅकेट आणि पोहणारा माणूस नसेल तर धंदा बंद ठेवलेला बरा. आपला हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी.

आणि दागिने गहाण टाकू नका. या धंद्याला तळं लागत नाही, चार काठ्या लागतात.

त्या खालापूरच्या तरुणाला मी एकच काम दिलं. आश्विनात पाणी निवळलं की सलग चार रविवार पहाटे नदीवर जाऊन बस. कोण गरवतंय, काय लागतंय, पाणी किती वाजता चढतंय, कचरा कुठून येतोय, सगळं वहीत लिही. पाचव्या रविवारी दोन ओळखीचे पाहुणे फुकट घेऊन जा. ते परत यायचं म्हणाले तर पुढचं बोलू.

तीन रविवार झालेत. काल फोन आला होता. म्हणाला, "सर, मासे कमी आणि प्लास्टिक जास्त लागलं. पण वाडीतला एक काका रोज शेजारी येऊन बसतो. त्याला सगळं माहितीये."

मी म्हटलं, मग भागीदार मिळाला की. आता त्याच्याशी वाट्याचं बोल, आणि प्लास्टिकचं पोतं दोघं मिळून भरा.

तुमच्या गावाजवळून नदी जात असेल तर हेच चार रविवार तुम्हीही करा. वही भरली की मला सांगा.