घर पाहावं, पण काय पाहावं?

दसरा किंवा पाडवा जवळ आला की वर्तमानपत्र उघडायची सोय राहत नाही. पहिलं पान उलटावं तर फ्लॅटची जाहिरात, दुसरं उलटावं तर आणखी मोठी जाहिरात. मागे हिरवीगार टेकडी, पुढे निळाशार पोहण्याचा तलाव आणि गॅलरीत चहाचा कप हातात घेऊन उभी असलेली हसतमुख बाई. (या बाईला सकाळी डबे करायचे नसतात आणि पाणीही भरायचं नसतं, असं दिसतं.)

मग एखाद्या रविवारी सगळं कुटुंब साइट बघायला जातं. तिथे कामाची वाटणी जणू आधीच झालेली असते. दर, लोन, पार्किंग, ताबा कधी, हे बोलणं घरातल्या पुरुषांशी. बाईला मात्र सेल्सची मुलगी नेते ती थेट सॅम्पल फ्लॅटच्या स्वयंपाकघरात. 'मॅडम, हा ओटा बघा, या ट्रॉल्या बघा.' म्हणजे घर घेताना हल्ली आपल्याला विचारलं जातं हे खरं. पण काय विचारलं जातं? तर ओटा काळा हवा की हिरवा!

घर घेताना सगळंच मनासारखं मिळत नाही. काहीतरी सोडावं लागतंच. मग नक्की काय सोडायचं आणि काय अजिबात सोडायचं नाही, हे ठरवायला एक साधी फूटपट्टी वापरता येते. जे पुढे कधीतरी बदलता येईल ते यादीत खाली ठेवायचं आणि जे जन्मात बदलता येणार नाही ते वर. टाइल्स बदलता येतात, ओटा फोडून नवा करता येतो. पण इमारत कोणाच्या जमिनीवर उभी आहे, नळाला पाणी येतं का, स्टेशन किती लांब आहे, यातलं काहीही नंतर आपल्या हातात राहत नाही. गंमत म्हणजे सॅम्पल फ्लॅटमध्ये दाखवतात ते सगळं पहिल्या प्रकारातलं असतं.

गेल्या काही वर्षांतल्या बातम्या आठवून बघा. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीतल्या 41 इमारती न्यायालयाच्या आदेशानंतर पाडल्या गेल्या. ही तोडफोड 2025 च्या सुरुवातीला संपली. जमीन डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव होती. सुमारे अडीच हजार कुटुंबांना घर सोडावं लागलं. टीव्हीवर दिसत होत्या त्या रस्त्यावर मांडलेली भांडी आणि दप्तरं सांभाळत बसलेल्या बायका. त्याआधी नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं डोंबिवली परिसरातल्या 65 बेकायदा इमारती पाडायचा आदेश दिला. तिथे तर महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून 'महारेरा'ची नोंदणीही मिळवलेली होती. आणि हे फक्त स्वस्तातलं घर शोधणाऱ्यांच्याच बाबतीत होतं असंही नाही. जुलै 2025 मध्ये ताडदेवच्या एका 34 मजली इमारतीतल्या सतराव्या मजल्यापासून वरच्या रहिवाशांना उच्च न्यायालयानं घरं रिकामी करायला सांगितली. का? तर त्या मजल्यांना भोगवटा प्रमाणपत्रच नव्हतं. तिथली माणसं काही अडाणी नव्हती आणि गरीबही नव्हती.

तेव्हा यादीत पहिलं कागद. हा विषय रुक्ष आहे आणि 'ते वकील बघतील' म्हणून आपण तो सोडून देतो. पण निदान तीन गोष्टी स्वतः बघाव्यात. बांधकाम चालू असेल तर प्रारंभ प्रमाणपत्र, आणि तेही आपल्याला हव्या असलेल्या मजल्यापर्यंतचं. इमारत तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सगळे ओसी म्हणतात ते. आणि जमिनीच्या मालकीचा वकिलाकडून घेतलेला शोध अहवाल. हा वकील मात्र आपण नेमलेला हवा, बिल्डरनं सुचवलेला नको.

रेरा कायद्यानं खूप काही दिलं आहे, यात वाद नाही. 1 मे 2017 पासून महाराष्ट्रात महारेराचं काम सुरू झालं. 'सुपर बिल्ट-अप' नावाचा जो हवेतला हिशोब चालायचा, तो जाऊन कारपेट एरियावर विक्री आली. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डर घेऊ शकत नाही. ताबा लांबला तर व्याज किंवा पैसे परत मागता येतात. बांधकामात दोष निघाला तर ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत तो बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायचा असतो. पण डोंबिवलीनं एक धडा दिला आहे. रेराचा नंबर मिळाला म्हणजे चौकशी संपली असं नाही. तो नंबर घेऊन महारेराच्या वेबसाइटवर जायचं, तिथे टाकलेला मंजूर नकाशा आणि प्रारंभ प्रमाणपत्र बघायचं आणि तेच कागद महापालिकेच्या नगररचना विभागात खरे आहेत का, ते विचारायचं. एक दिवस जाईल. वीस वर्षांच्या हप्त्यांपुढे एक दिवस म्हणजे काय हो?

आणि 'फर्निचर करायला ताबा घेऊन टाका, ओसी येईलच महिन्याभरात', हे वाक्य कानावर आलं की सावध व्हायचं. भाडं आणि हप्ता दोन्ही भरून कुटुंब टेकीला आलेलं असतं, म्हणून माणसं राहायला जातात. तो महिना किती वर्षांचा होऊ शकतो, हे ताडदेवला दिसलंच.

दुसरं पाणी. खरं तर माझ्या मते कागदाच्या खालोखाल नव्हे, बरोबरीनं.

पुण्याचंच बघा. 2017 मध्ये 11 गावं आणि 2021 मध्ये आणखी 23 गावं पुणे महापालिकेत आली. हद्द एका अधिसूचनेनं वाढते, जलवाहिनी तशी वाढत नाही. तिला टाक्या लागतात, पैसे लागतात, वर्षं लागतात. तोवर इमारती मात्र उभ्या राहतात. महापालिका पाणी देईपर्यंत ते आम्ही पुरवू, असं हमीपत्र बिल्डरकडून घेतलेलं असतं. पण सोसायटी स्थापन होते, बिल्डरचा माणूस फोन उचलेनासा होतो आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येऊन बसतं.

आता जरा हिशोब करू. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी लागतं असं धरतात. शंभर फ्लॅटची सोसायटी, घरटी चार माणसं, म्हणजे रोज 54,000 लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज पाच ते सहा टँकर. नळाला निम्मं पाणी आलं तरी तीन टँकर उरतातच, आणि तेही एप्रिल-मेमध्ये मिळाले तर! फ्लॅटच्या किमतीत हा खर्च कुठेच लिहिलेला नसतो आणि लोन फिटल्यावरही तो थांबत नाही.

शिवाय पैशात न मोजता येणारा खर्च वेगळाच. पाणी सकाळी साडेपाचला येत असेल तर उठतं कोण? आज टँकर आला नाही, तर कपडे उद्यावर टाकून, भांडी मोजक्या पाण्यात उरकून दिवस निभावतं कोण? 2024 च्या राष्ट्रीय वेळ वापर सर्वेक्षणात दिसलं की घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात आणि पुरुष 88 मिनिटं. घराची गैरसोय या 289 मिनिटांतच वाढत जाते. म्हणून पाण्याचा प्रश्न बायकांनीच विचारायचा असतो, आणि तोही सेल्स ऑफिसात नव्हे. शेजारच्या, चार-पाच वर्षं जुन्या सोसायटीत जायचं. वॉचमनला विचारायचं, तिथे काम करणाऱ्या मावशींना विचारायचं, 'इथं पाणी किती वाजता येतं हो?' त्या एका मिनिटात जे सांगतील ते गुळगुळीत माहितीपुस्तकात सापडणार नाही. जमलं तर तिथल्या एखाद्या बाईंकडून मे महिन्याचं मेंटेनन्सचं बिल बघायला मागावं. बहुतेक जणी आनंदानं दाखवतात, वर चहाही देतात.

तिसरं अंतर. मुंबईत 'स्टेशनपासून दहा मिनिटं' हे बहुधा रात्री दोन वाजता, रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवून मोजलेलं असतं. आपण रविवारी दुपारी बघायला जातो, तेव्हा आपल्यालाही ते खरं वाटतं. सोमवारी सकाळी जाऊन बघा. शेअर रिक्षाची रांग बघा आणि गाडीत चढायला मिळतं का ते बघा. संध्याकाळी साडेआठला स्टेशनवरून चालत या. दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का, तेही कळेल.

'लांब गेलं की तेवढ्याच पैशांत एक खोली जास्त मिळते,' हा हिशोब सगळ्यांना पटतो. पण त्या जास्तीच्या खोलीचं भाडं कोण भरतं? एकीकडून दीड तास जास्त झाला की मूल पाळणाघरात तीन तास जास्त राहतं. मग पहिल्या वर्षी बाई अर्ध्या दिवसाची नोकरी शोधते आणि दुसऱ्या वर्षी नोकरी सोडते. अशा मैत्रिणी तुमच्याही ओळखीत असतील. नोकरी सोडायला घरात कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून कुणाला दोषही देता येत नाही. पण तो निर्णय खरं तर फ्लॅटचं बुकिंग केलं त्याच दिवशी झालेला असतो. दोघंही कमावते असतील, तर मी तरी एक खोली कमी घेऊन जवळ राहणं पसंत करीन. सासू-सासरे किंवा आईवडील बरोबर असतील तर हिशोब बदलतो, हेही मान्य. त्यांना लिफ्ट हवी, दवाखाना जवळ हवा, आणि संध्याकाळी बसायला एखादं बाकडं हवं. क्लब हाउस नसलं तरी चालतं.

दिशा, वास्तू, पूर्वेचा दरवाजा याबद्दल काय बोलणार! ज्याची त्याची श्रद्धा. एवढंच सुचवीन की ऊन आणि वारा कुठून येतो ते बघायला होकायंत्र लागत नाही. स्वयंपाकघराला आणि कपडे वाळत घालायच्या जागेला तो मिळाला तर पुष्कळ झालं.

पैशाचं तर सगळेच बोलतात, म्हणून थोडक्यात. बँक जेवढं कर्ज देते तेवढं घ्यायलाच हवं असा नियम नाही. साठ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता सुमारे 52,000 रुपये येतो आणि शेवटी आपण जवळजवळ सव्वा कोट भरलेले असतात. दोघांच्या पगारावर हा हप्ता ठरवताना एक प्रश्न विचारावा. एक पगार वर्षभर बंद झाला तर? बाळंतपण, आजारपण, कुणाची तरी नोकरी जाणं, वीस वर्षांत यातलं काहीतरी होतंच. आणि अजून ओसी न आलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी (परवडणाऱ्या घरांवर एक टक्का) द्यावा लागतो, ओसी आल्यानंतर घेतलेल्या घरावर तो लागत नाही. तयार घर महाग वाटतं तेव्हा ही रक्कम आणि बांधकाम होईपर्यंतचं भाडं त्यातून वजा करून बघा.

आता नाव. 1 एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. सुरुवातीला त्यात मेख होती. असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नसे. ती अट 2023 मध्ये काढली, हे बरंच झालं. पुण्यात सात टक्क्यांऐवजी सहा, मुंबईत सहाऐवजी पाच. ऐंशी लाखांच्या घराला 80,000 रुपये वाचतात. मात्र खरेदी फक्त बाईच्या किंवा बायकांच्याच नावावर हवी. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. आणि जुन्या करपद्धतीत गृहकर्जावरची आयकर सवलत घ्यायची, तर हप्ते भरणाऱ्याचं नाव मालक म्हणूनही लागतं. त्यामुळे पुष्कळ घरांत नाव कुणाचं, हे सीए ठरवतो.

नव्वदच्या दशकात शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, तेव्हा गावोगावच्या बायकांची नावं सातबाऱ्यावर चढली. शहरातल्या शिकलेल्या, कमावत्या बायकांच्या घरात अजून हा प्रश्न संकोचानं विचारला जातो. कर्जाच्या कागदावर मात्र सहकर्जदार म्हणून बाईची सही बिनतक्रार घेतली जाते. हप्ता थकला तर बँक तिलाही विचारणार असते! कर्जावर नाव असेल तर खरेदीखतावरही हवं, एवढी गोष्ट सवलतीच्या हिशोबाआधी ठरवावी.

आणि हे खरेदीखत किंवा करारनामा निदान आठवडाभर आधी घरी वाचायला मागून घ्या. साठ-सत्तर पानं असतात, इंग्रजी अवघड असतं, तरी घरातलं कॉलेजला जाणारं लेकरू बरोबर घेऊन बसा. कारपेट किती, ताब्याची तारीख कुठली, पार्किंग नक्की कुठलं आणि पाण्याबद्दल काय लिहिलंय, या चार ठिकाणी पेन्सिलनं खूण करून ठेवा. निबंधकाच्या कार्यालयात फोटो काढायची आणि अंगठा द्यायची अशी घाई असते, की तिथे कुणी पान उलटू देत नाही.