पाणी मंत्राने नव्हे, उकळीने शुद्ध होते



२० मार्च १९२७ रोजी आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तळे 'बाटले' म्हणून सनातन्यांनी पुढे त्यात मंत्र म्हणत शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळले आणि त्याला 'शुद्धी' म्हटले. वाफेच्या दाबाने जंतू मारणारे ऑटोक्लेव्ह हे यंत्र फ्रान्समध्ये चार्ल्स चेंबरलंड यांनी त्याच्या ४८ वर्षे आधी, १८७९ सालीच तयार केले होते. जातीने पाणी बाटत नाही, मैल्याने बाटते, हे विज्ञानाने तेव्हाच दाखवले होते.

म्हणून आम्ही पेण-रोह्याच्या माता-भगिनींना विचारतो, आपल्या माठातले पाणी खरेच शुद्ध आहे काय? पावसाळ्यात कुंडलिका गढूळ वाहते. पेणच्या खारेपाटाला पाणीटंचाई नवी नाही. तेथे पाणी साठवूनच ठेवावे लागते. तुरटीने गाळ बसतो, पण जंतू मरत नाहीत. पाणी स्वच्छ फडक्याने गाळा, खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या, झाकून निववा आणि दांड्याच्या ओगराळ्यानेच काढा. हात बुडवला की केलेली मेहनत वाया जाते.

गॅस महाग आहे, हे आम्ही जाणतो. सगळे नाही, तर पिण्याचे आणि बाळाचे पाणी तरी उकळाच. विहिरीत टीसीएल पावडर वेळेवर पडते का, हे ग्रामपंचायतीला विचारणे हा आपला हक्क आहे. मात्र उकळीने जंतू मरतात, रसायने जात नाहीत. रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखाने आहेत. तेव्हा पाण्याला रंग वा उग्र वास आला, तर ते उकळूनही पिऊ नका. तपासणीची मागणी करा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत. त्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअस तापमानाची वाफ निदान १५ मिनिटे लागते. घरच्या ब्लेडने बाळाची नाळ कापणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. बाळंतपण दवाखान्यातच करा. इंजेक्शनची सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढायला सांगा. विचारायला लाजू नका.

परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. ती पारख आपल्या माठापासून सुरू होवो.

जयभीम! नमो बुद्धाय!