जुनी गाडी चोर का नेतो?

“गाडी जुनी झाली, आता तिला कोण नेणार?” असे म्हणून आपले पुष्कळ व्यापारी बांधव मारुती ८०० किंवा ओम्नी रात्री रस्त्यावर निर्धास्त उभी करतात. हा समज महागात पडतो. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाले, पण गाड्या अजून धावत आहेत आणि त्यांच्या सुट्या भागांना गिऱ्हाईक आहे. चोराला बहुधा गाडी नको असते, तिचे भाग हवे असतात. त्यात खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी नव्या गाड्यांतील यंत्रणा या गाड्यांत सहसा नसते.

उपाय फार खर्चाचे नाहीत. गिअर लॉक बसवावे. इग्निशनच्या तारेत एखादे छुपे बटण चांगल्या वायरमनकडून टाकून घ्यावे. चोराला घाई असते; वेळ लागतो असे दिसले की तो बहुधा नाद सोडतो. माल, हत्यारे व मूळ कागदपत्रे रात्री गाडीत ठेवू नयेत.

विम्याविषयीही गैरसमज आहे. केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही. पाच वर्षांहून जुन्या गाडीची किंमत विमा कंपनीशी बोलून ठरते. ती पॉलिसीवर वाचून पाहावी. दोन्ही चाव्या जपाव्यात, दाव्याच्या वेळी त्या मागितल्या जातात.

परंतु खरे कुलूप आपल्या बाजारालाच लावले पाहिजे. आपल्यापैकी अनेकांची रोजी गॅरेज, भंगार आणि सुट्या भागांवर चालते. बिलाशिवाय स्वस्तात आलेला भाग कोणाच्या तरी दारातून गेलेल्या गाडीचा असू शकतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. मेरठचा सोतीगंज बाजार जुन्या गाड्यांच्या भागांसाठी प्रसिद्ध होता. चोरीच्या गाड्या तेथे तोडल्या जात असल्याने पोलिसांनी कारवाई केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो बंद पडला. काहींच्या लोभापायी सचोटीच्या दुकानदारांनाही शटर ओढावे लागले.

म्हणून प्रत्येक खरेदीचे बिल घ्यावे, विकणाऱ्याचे नाव-पत्ता वहीत लिहून ठेवावा. चोरीच्या भागाला गिऱ्हाईक उरले नाही, तर आपल्या दारातली जुनी गाडीही सुखरूप राहील.